सुरी हातात देऊ नाही

आमच्या घरात सुरी कोणी कोणाच्या हातात देत नाही. मागितली की ओट्यावर ठेवायची, ज्याला हवी त्यानं उचलून घ्यायची. हातात दिली की भांडण होतं. माझ्या माहेरी, अंजनगावला, असलं काही नव्हतं, कारण माहेरी सुरीच नव्हती. आम्ही सगळं पावशीवर चिरायचो. बाकीचा महाराष्ट्र जिला विळी म्हणतो ती आमची पावशी. पाय दुमडून पाटावर बसायचं आणि कांद्यापासून कोहळ्यापर्यंत सगळं पात्यावर ढकलायचं. पावशी कोण कोणाच्या हातात देणार? त्यामुळे लग्न होऊन अमरावतीला आले आणि नवऱ्यानं पहिल्यांदा सुरी मागितली, तेव्हा मी आपली सरळ पुढे केली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"खाली ठेव," ते म्हणाले. "सुरी हातात देऊ नाही. भांडन होते."

मी खाली ठेवली. भांडण त्याच संध्याकाळी झालं, कांद्यावरून. मी कांदा जाड चिरते असं त्यांचं मत पडलं आणि ते आजतागायत बदललेलं नाही. पोह्यातला कांदा दिसू नये, नुसता लागावा, असं त्यांचं म्हणणं. दिसायचाच नाही तर टाकायचा कशाला, असं माझं. या एका कांद्यावर आमचा संसार झाला. मग एकदा मी विचारलं, "रोज खाली ठेवतो सुरी, तरी रोज भांडतोच नं आपन? मंग उपयोग काय?"

"हातात देली असती तं फारकत झाली असती," ते म्हणाले.

 

नवरा मूळचा अकोल्याचा. नोकरी सरकारी कचेरीत, टेबलाशी बसून. पण सुरीच्या बाबतीत ते स्वतःला न्यायाधीश समजत. अमरावतीत राहून त्यांनी अमरावतीची सुरी कधी घेतली नाही. दाणे, डाळी, कापड सगळं इथलं चालायचं, सुरी मात्र अकोल्याची. जुन्या शहरात एका गल्लीत त्यांचं ठरलेलं दुकान होतं, आणि तिथे जाताना ते पिशवीत एक पिकलेला टमाटर घेऊन जात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बसमध्ये खायला घेतला असेल. तो सुरीसाठी होता. दुकानात सुरी टमाटरावर नुसती टेकवायची, दाबायची नाही, आणि हलकेच ओढायची. साल आधी दबली तर सुरी परत. न दबता चिरली तर मग पुढच्या परीक्षा. पातं मुठीच्या आतपर्यंत गेलेलं आहे का, खिळे मुठीच्या वर आलेत का, सुरी एका बोटावर आडवी ठेवली तर कुठे कलते. पुढे कलणारी सुरी हात दुखवते आणि मागे कलणारी कामचुकार असते, असं ते म्हणत. दुकानदार हसायचा. परीक्षा संपली की टमाटराची एक फोड दुकानदाराला, एक माझ्या हातावर. मीठ नसायचं म्हणून मी कुरकुर करायची.

घरात तीनच सुऱ्या पाहिजेत, हा त्यांचा सिद्धांत. एक मोठी, एक लहान, एक पाव कापायची दातेरी. बाकीच्या सोयऱ्यांना दाखवायला. मोठी सुरी लोखंडी होती, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली, बाभळीची मूठ, काळीकुट्ट. दिसायला अगदी दळभद्री. पण रविवारचं मटण तीच करायची आणि हिवाळ्यात पार्टीलाही तीच जायची. आमच्याकडे थंडीत वावरात, शेतावर, पार्टी असते. वलगावच्या बाजूला त्यांच्या एका मित्राचं वावर आहे, तिथे कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून विस्तव करायचा, गोवऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे, वांगी भाजायची, आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी लोखंडी सळयांवर कोंबडी. मटण-कोंबडी पुरुषांकडे. मोठी सुरी कमरेला बांधल्यासारखी घेऊन नवरा सकाळपासून मिरवायचा. सगळे तुकडे एका मापाचे पाहिजेत, नाहीतर एक जळतो आणि दुसरा कच्चा राहतो. विस्तवावरून काढलेलं मटण लगेच कापायचं नाही, जरा निवू द्यायचं, नाहीतर सगळा रस फळीवर. हे ते प्रत्येक पार्टीत सांगायचे आणि प्रत्येक पार्टीत कोणीतरी लगेच कापायचं, मग त्यांचं तोंड सुरू व्हायचं. लोक म्हणायचे, वहिनी, तुमी कशा राहता यांच्यासंगं?

राहत होते. बरी राहत होते, हे आता कळतं.

कंपवात हळूहळू आला. आधी उजव्या हाताचा अंगठा बोटांवर आपोआप चोळला जायचा, ते बसून टीव्ही बघत असले की. मला वाटलं, तंबाखूची सवय लागली की काय, आणि मी त्यावरून बोलून घेतलं. मग अक्षर बारीक झालं. मग चाल. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, बदलल्या. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर आमची एवढी बैठक झाली की तिथल्या पंख्याचा आवाज मला ओळखू येतो. त्यातच एका रविवारी मटण कापताना मोठी सुरी हाडावरून सटकली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली गेली. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आता जरा जपा. मुलगी पुण्याला असते, तिनं फोनवर सांगितलं, "आई, यापुढे बाबांच्या हातात सुरी देऊ नकोस."

मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. हेच वाक्य या घरात मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. शब्द तेच होते. आता त्याचा अर्थ भलताच झाला होता.

मोठी सुरी मी जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर, पापडाच्या डब्यामागे ठेवली. लहान सुरी ओट्यावरून उचलून डब्यांच्या फडताळात वर टाकली. मुलीनं पुण्याहून एक चॉपर पाठवला, दोरी ओढली की आतली पाती फिरतात तो. त्यात कांद्याचा लगदा होतो. सोबत रंगीत सुऱ्यांचा एक ठोकळाही आला, गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, प्रत्येकीवर भाजीचं चित्र. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्यातल्या एकीलाही धार नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं तिला माझ्याकडूनच आलं आहे, म्हणून मी ठोकळा तसाच ओट्यावर राहू दिला.

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "मोठी सुरी दिसत नाही?"

"धार लावायले देली," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

बस, एवढंच. कोणाकडे दिली, कशाला दिली, तो कुठं शानपत्तीनं धार लावते, पात्याचं वाटोळं करते, यातलं काही आलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी विचारलंच नाही. मी मटण दुकानातून बारीक करून आणलं. तुकडे वेडेवाकडे होते, कुठे निव्वळ हाड. ते जेवले आणि ताट सारून उठले.

आजारात हात कापतो हे सगळ्यांना दिसतं. बाकीचं घरातल्या माणसालाच दिसतं. चेहरा हलेनासा होतो. आवाज आत जातो. त्यांच्या तोंडी दोनच शब्द उरले, 'बरं' आणि 'चालते'. भाजी कशी झाली? चालते. दवाखान्यात उद्या जायचं का? चालते. एकदा मी वरणात मीठ घातलं नाही, मुद्दाम. ते जेवून उठले. मी विचारलं, "मीठ होतं का वरनात?" तर म्हणाले, "चालते." मी पातेलं घासताना रडले. शेजारची म्हणाली, तुमच्या घरचा आवाज बंद झाला बाई, सुंठीवाचून खोकला गेला म्हनावं. तिनं गमतीनं म्हटलं होतं. मला तिचं तोंड बघावंसं वाटेना.

मी थकले होते. गोळ्यांच्या वेळा, पाय पुसायचं फडकं जमिनीवर नको, बाथरूममध्ये चटई, शर्टाच्या गुंड्या, हे सगळं अंगवळणी पडतं. पण दिवसभर ज्याच्याशी वाद घालायचा तो माणूस समोर खुर्चीत बसून 'चालते' म्हणतो, याची सवय मला होईना. तेवढं एक मला परत हवं होतं. बाकी काही मागितलं नव्हतं मी.

यंदाच्या थंडीत मुलीचा फोन आला. ती आणि जावई येणार, आणि जावयानं बार्बेक्यूची शेगडी घेतली आहे, पाय दुमडणारी, ती गाडीत घालून आणणार. गच्चीवर कोंबडी भाजू. "घरात एखादी चांगली सुरी आहे ना गं? त्या रंगीत नको, खरी."

मी कपाटावरून टॉवेल उतरवला. उघडला तर सुरीवर तांबडा गंज, मुठीपासून टोकापर्यंत. लोखंडी सुरी वापरली की पुसावी, पुसली की तेलाचं बोट फिरवावं, हे मला त्यांनी शंभरदा सांगितलं असेल, पण ते करायचे तेच. मी घाईनं ठेवली ती ठेवलीच. परत गुंडाळली आणि डब्यामागे सारली.

मग दवाखान्यातून येताना राजकमल चौकाजवळच्या एका मोठ्या दुकानात शिरले. काचेची दारं, आत गारवा. एका भिंतीवर नुसत्या सुऱ्या. दुकानातली मुलगी मोठी हुशारीनं सांगत होती, मॅडम हे जर्मन स्टील, हे जपानी, ही भाजीची, ही मांसाची, ही फक्त चीझची. मी म्हणाले, चीझ आम्ही हातानं तोडतो. ती हसली नाही. माझे पाय दुखत होते, पिशवीत औषधं होती, आणि मला यातलं काहीही कळत नव्हतं. टमाटर मी नेला नव्हता. सुरी बोटावर ठेवून बघायचा धीर झाला नाही, ती मुलगी बघत होती. शेवटी जी सगळ्यांत चकचकीत होती ती घेतली. तिच्या पात्याला ओळीनं भोकं होती. ती म्हणाली, चिरलेलं पात्याला चिकटत नाही त्यानं.

घरी येऊन मी ती त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिली. मी वाट बघत उभी होते. मला शब्द न् शब्द पाठ होते, काय म्हणतील ते. हिले तं उंदरानं खाल्लं. ही सुरी हाये का गाळणी? कोनं गळ्यात मारली तुह्या?

"चांगली हाये," ते म्हणाले.

मी सुरी उचलली आणि सरळ त्या रंगीत ठोकळ्यात खुपसली. मग त्यांना म्हणाले, "उद्या अकोल्याला जायचं. मले ते दुकान सापडनार नाही. तुमी चला."

"चालते," ते म्हणाले.

थंडीचे दिवस होते म्हणून बरं, उन्हाळ्यात अकोल्याला असल्या माणसाला घेऊन जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तरी सोपं नव्हतं. बडनेऱ्याला एक बस सोडली, तिची पायरी उंच होती. दुसरीत खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांचा हात त्यांच्या मांडीवर कापत होता आणि मी त्यावर पिशवी ठेवली, लोकांना दिसू नये म्हणून. मूर्तिजापूरला चहा घेतला. त्यांना अर्धा कप, कारण पूर्ण भरला तर सांडतो. अकोला येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी पर्समध्ये हात घालून टमाटर चाचपत होते.

जुन्या शहरात ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. पुढे चालायचं होतं. गल्ली त्यांना बरोबर आठवली, कुठे वळायचं तेही. दुकान तेच होतं. छपराला विळे, कोयते, अडकित्ते टांगलेले, आत अंधार. जुना दुकानदार राहिला नव्हता, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला होता आणि त्याचीही दाढी आता पांढरी. त्यानं त्यांना ओळखलं.

"आओ भाऊ, भोत दिवसानं आले. टमाटर आनला का नाही?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी म्हणाले, मोठी सुरी दाखवा, मटणाची. त्यानं चार-पाच काढल्या आणि फळीवर एकेक मांडल्या. त्याच्याकडेही रीत तीच. सुरी कोणाच्या हातात देत नाहीत, पुढ्यात ठेवतात. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यांनी हात पुढे केला. फळी सपाट, सुऱ्या सपाट. बोटं मुठीवर टेकली आणि घसरली. पुन्हा टेकली. नखं लाकडावर वाजत होती, टकटक, टकटक, आणि सुरी जागची सरकत होती, पण उचलली जात नव्हती. मागे एक बाई विळा घ्यायला उभी होती, ती बघायला लागली. मग मुद्दाम दुसरीकडे बघायला लागली. त्यांनी हात मागे घेतला, खिशात घातला, आणि मला म्हणाले, "तूच पाह्य. कोनतीबी चालते."

मला एवढा राग आला. कोणावर ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या सपाट फळीवर आला असेल. मी त्यातली जाड मुठीची सुरी उचलली, त्यांचा हात खिशातून काढला, आणि सुरी त्यांच्या पंजात ठेवून वरून त्यांची बोटं माझ्या बोटांनी मिटवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी नीट पाहिलं.

"हातात देऊ नाही," ते म्हणाले. "भांडन होते."

"होऊ द्या," मी म्हणाले.

सुरी जड होती. मूठ वळल्यावर हाताचं कापणं गेलं असं मी म्हणणार नाही, पण कमी झालं. नुसता मांडीवर पडलेला हात जास्त कापतो, कामाला लागलेला कमी, हे डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. त्यांनी सुरी वरखाली केली. दुसऱ्या हाताचं बोट लावून बघितलं, कुठे कलते ते.

"पुढं जड हाये," ते म्हणाले. "दुसरी दे."

मी दुसरी दिली. हातातच. ती त्यांनी मूठ बारीक म्हणून नाकारली. आधी ते मुठीच्या जाडीला कधी नावं ठेवत नसत. बारीक मुठीवर त्यांची बोटं मिटत नव्हती, हे माझ्या जरा उशिरानं ध्यानात आलं. तिसरी त्यांनी धरून ठेवली. वीतभराहून थोडी लांब, टोक निमुळतं, हाडाच्या कडेनं जायला बरं. मूठ बाभळीची, ओबडधोबड. दिसायला दळभद्री.

"टमाटर," ते म्हणाले.

मी पर्समधून टमाटर काढून फळीवर ठेवला. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून पाहिला, आणि दुकानात, त्या बाईसमोर, दुकानदारासमोर, आवाज चढवून म्हणाले, "हा काय आनला?"

"काय झालं?"

"कच्चा हाये हा. गोट्यासारखा. कच्चा टमाटर तं कोनतीबी सुरी कापते. पट्टीनं कापला तं पट्टीनंबी कापल्या जाते. पिकलेला पायजे, साल नरम पायजे, तवा कळते धार. एवढ्या वर्सात तुले एक टमाटर निवडता येत नाही?"

आवाज पूर्वीसारखा नव्हता, घोगरा होता, मध्येच तुटत होता. पण शब्द सगळे होते. मी म्हणाले, बाजारात असेच हायेत. ते म्हणाले, थंडीतच तं चांगले भेटतेत, तुले पाह्यता येत नाही, वरचा उचलला असन. मी म्हणाले, मग तुम्ही आणायचा होता. ते म्हणाले, मले कोनी विचारलं? दुकानदार म्हणाला, भाऊ, सुरी हातात देली नं भाभीनं, म्या पाह्यलं. आणि मागची ती बाई हसायला लागली.

मी बाहेर गेले आणि नाक्यावरच्या हातगाडीवरून पिकलेला टमाटर आणला. गाडीवाल्याला वाटलं असेल, ही बाई रडते आहे. एक टमाटर घेताना कोणी रडत नाही. मी डोळे पुसले आणि आत आले. सुरी टेकली, हात जरा हलला, पण साल दबली नाही. त्यांनी अर्धा टमाटर दुकानदाराला दिला. उरलेला माझ्यापुढे केला, आणि मी मीठ नाही म्हणून कुरकुरले.

परतीच्या बसमध्ये सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. दमले होते, डोळा लागत होता. बोरगाव गेल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "कपाटावरची गंजली असन."

मी जागी झाले. "तुमाले माहीत होतं?"

"माह्या घरात माही सुरी कुठं हाये हे मले मालूम नसन? टॉवेल माहाच हाये."

"मंग बोलले काहून नाही?"

मला वाटलं, झालं, आता परत 'बरं' येणार.

"लपवली तं लपवली," ते म्हणाले. "पुसून तं ठेवाची. तेलाचं एक बोट लावाले काय झालं होतं? वीस मानसाचं जेवन केलं हाये म्या त्या सुरीनं. मेल्यावानी गुंडाळून ठेवली."

मला जे लागलं ते मी त्यांना सांगितलं नाही. मी उलट बोलले, सवयीनं. म्हणाले, गंजली म्हणून तुमची बोटं शाबूत आहेत. ते म्हणाले, बोटं माही हायेत. मी म्हणाले, बोटं तुमची आणि टाक्यांची रांग माझी, दवाखान्यात कोण बसतं? ते म्हणाले, मी कुठं सांगतो बसाले? मी म्हणाले, नाही बसत मग, जा एकटे. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. मूर्तिजापूरपर्यंत आम्ही भांडलो. मी मध्येच रडतही होते. रडत रडत भांडायची मला लग्नापासून सवय आहे. मूर्तिजापूरला चहा आला तो त्यांनी पूर्ण कप मागितला आणि निम्मा माझ्या साडीवर सांडला, आणि त्यावरूनही झालं.

गच्चीवरची पार्टी काही फार चांगली झाली नाही. मुलीनं सुरी शिस्तीत फळीवर ठेवली, तिला लहानपणी बाबांनीच शिकवलं आहे. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली तेव्हा ती "आई!" म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून थांबली. मी शेजारी स्टूल टाकून बसले, फळीखाली ओलं फडकं घातलं, घसरू नये म्हणून. त्यांनी थोडी कोंबडी कापली. तुकडे एका मापाचे नव्हते. दमले आणि सुरी खाली ठेवली. बाकीची जावयानं कापली. मग ते खुर्चीत बसून शेगडीला नावं ठेवत राहिले, हा विस्तव हाये का उदबत्ती, आणि जावयानं भाजलेला तुकडा लगेच कापला तेव्हा काहीतरी पुटपुटले, ते मला एकटीलाच ऐकू आलं.

भांडणानं आजार बरा होत नाही. त्यानंतरही हात कापतोच आहे, चाल मंदच आहे, आणि 'चालते'चे दिवस जास्त आहेत. जुन्या सुरीचा गंज मी राख आणि लिंबानं काढला, डाग राहिले. रोज सकाळी पोह्यांच्या वेळी मी लहान सुरी त्यांच्या हातात देते, एक कांदा पुढे ठेवते, फडकं खाली घालते, आणि त्यांच्या हातावर नजर ठेवून चहा उकळते. सुरी घेताना कधी ते म्हणतात, "हातात देऊ नाही." त्या दिवशी आमचं दुपारपर्यंत काही ना काही चालतं.

ज्या दिवशी ते काहीच म्हणत नाहीत, त्या दिवशी कांदा मी चिरते, आणि मुद्दाम जाड चिरते.